आधी ती बादली खाली ठेव

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला. मोटर यॉटवर डेकहँड म्हणून लागून त्याला जेमतेम दोन महिने झालेत आणि डेकवरच्या पूलचं काम त्याच्या गळ्यात पडलंय. सोबत एक फॉरवर्ड होता: ‘यॉटवरच्या पूलचं पाणी बिघडलं? केमिकलवाले कधीच सांगणार नाहीत असे उपाय.’ खाली त्याचा प्रश्न, “मामा, हे खरं आहे का? आमच्या अख्ख्या क्रूकडे आलंय.” माझी उमेदीची वर्षं इंजिनरूममध्ये गेली. सहसा असले फॉरवर्ड मी न वाचता पुसतो. हा वाचला आणि झोप उडाली.

क्रमाने जात नाही, कारण दुसऱ्या क्रमांकाचा उपाय माणूस मारू शकतो. त्यात म्हटलंय, ‘पाणी हिरवं झालं तर क्लोरीनच्या गोळ्या कुटा, त्यात दाणेदार क्लोरीन आणि कपभर पीएच उतरवायचं आम्ल घाला, बादलीत सुपर शॉक तयार.’ (शॉक म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस.)

दोन्ही डब्यांवर क्लोरीन लिहिलेलं असतं म्हणून आतला माल एक नसतो. गोळ्या बहुधा ट्रायक्लोरच्या, म्हणजे आम्लधर्मी. दाणे बहुधा कॅल्शियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे त्याच्या नेमके उलट. दोन्ही एकत्र आले आणि जरा ओल लागली की मिश्रण तापतं, पेट घेतं, बंद डब्यात असेल तर फुटतं. वर आम्ल ओतलं की हायपोक्लोराइटमधून सरळ क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांवर सोडला होता तोच. हवेपेक्षा तो सुमारे अडीच पट जड, त्यामुळे वर उडून जात नाही, तळाशी साचतो. यॉटची पंपरूम डेकखाली, छत बुटकं, दार एकच, आणि व्हॉल्व्ह फिरवायला माणूस गुडघ्यांवर बसलेला. म्हणजे नाक नेमकं वायूच्या पातळीला.

मी स्वतः पाहिलंय ते एवढंच: एका नौकेवर कुणीतरी गोळ्यांच्या डब्यातला ओला डाव तसाच दाण्यांच्या डब्यात घातला. चर्र असा बारीक आवाज, मग डब्याची कड हाताला गरम. डाव फेकून आम्ही बाहेर पळालो म्हणून वाचलो. हे तर चमचाभर होतं, मेसेजवाला बादलीभर सांगतोय.

माझ्यावर विश्वास नको. अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था सीडीसी पूलच्या रसायनांबद्दल स्वच्छ सांगते: वेगवेगळी रसायनं एकमेकांत मिसळू नका, क्लोरीन आणि आम्ल तर नाहीच नाही, आणि रसायन पाण्यात टाका, रसायनावर पाणी ओतू नका. शिवाय हे दोन्ही डबे जहाजी मालाच्या नियमांत ५.१ वर्गात येतात, म्हणजे आगीला बळ देणारे पदार्थ. ते लॅझरेटमध्ये (नौकेच्या मागच्या कोठारात) थिनर आणि टेंडरच्या, म्हणजे छोट्या होडीच्या, पेट्रोलशेजारी ठेवलेले असतील तर हा लेख नंतर वाचा, आधी ते हलवा.

आणि हिरवं पाणी म्हणजे दर वेळी शेवाळ नसतं. गढूळ हिरवं आणि भिंत बुळबुळीत, तर शेवाळ. पाणी काचेसारखं नितळ पण हिरवट, तर तांब्याचा संशय घ्या. इथे चौथा आणि पाचवा उपाय हातात हात घालून येतात: ‘वॉटरमेकरचं पाणी शुद्ध, त्यात काही घालू नका’ आणि ‘तांब्याचा आयोनायझर लावा’, म्हणजे पाण्यात तांबं सोडणारं यंत्र. वॉटरमेकरचं, म्हणजे समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढणाऱ्या यंत्राचं, पाणी शुद्ध असतं हे खरं, पण त्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) जवळपास नसते, पीएचही खाली. असं भुकेलं पाणी टाइल्समधला ग्राउट खातं, हीटरच्या कॉइलचं तांबं खातं, मग हिरवं दिसतं. त्यात आणखी तांबं सोडायचं? रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला. तांब्याने शेवाळ मरतं, नाही म्हणत नाही. पण बऱ्याच यॉटचं वरचं बांधकाम अॅल्युमिनियमचं असतं. तांबंमिश्रित पाणी त्यावर सांडत राहिलं की तिथे खड्डे पडायला लागतात.

‘समुद्राच्या पाण्यात जंतू जगत नाहीत’ हा तिसरा विनोद. व्हिब्रिओ जातीचे जंतू तर कोमट खाऱ्या पाण्यातच फोफावतात. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असतं, त्यामुळे तिथे क्लोरीन टाकलं तरी प्रत्यक्षात काम ब्रोमीन करतं. म्हणून अशा पूलमध्ये स्टॅबिलायझर (उन्हापासून क्लोरीन वाचवणारं रसायन, ब्रोमीन नव्हे) घालणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

पंप आवाज करतो म्हणून पंप बदला, हेही आहे. अरे, आधी स्ट्रेनरच्या, म्हणजे पंपाआधीच्या जाळीच्या, पारदर्शक झाकणातून बघा. बुडबुडे दिसले तर झाकणाची ओ-रिंग (रबरी कडं) तपासा, मग बॅलन्स टँकची, म्हणजे पूलचं ओसंडलेलं पाणी जमा होतं त्या टाकीची, पातळी. नौका डोलली की सक्शनचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. बेअरिंग त्यानंतर.

एक उपाय मात्र मान्य करावा लागतो: रोज बॅकवॉश करू नका, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुऊ नका. फिल्टरमधली वाळू थोडी मळली की उलट बारीक गाळते. स्वच्छ फिल्टरपेक्षा दाब अर्ध्या बारच्या आसपास चढला की मग करा.

राहिला पहिला: ‘क्लोरीनचा वास येतो, डोळे झोंबतात, म्हणजे क्लोरीन जास्त झालं, डोसिंग बंद करा.’ तो उग्र वास क्लोरामिनचा, म्हणजे घाम आणि लघवीशी झगडून थकलेल्या क्लोरीनचा. सीडीसीचंही हेच म्हणणं. त्यांच्या लेखी पूलमध्ये मोकळं, म्हणजे अजून न थकलेलं, क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक) आणि पीएच ७.० ते ७.८ हवा. डोसिंग बंद केलं की वास वाढेल.

भाच्याला म्हटलं, वाद घालू नकोस, पाण्याच्या नमुन्यात डीपीडीच्या (क्लोरीन मोजायच्या) गोळ्या टाकून मोकळं आणि एकूण, म्हणजे मोकळं अधिक थकलेलं, असं दोन्ही मोज. अर्ध्या तासाने दोन गुलाबी नळ्यांचा फोटो आला, एक फिकट, एक गडद. खाली लिहिलं होतं, “मोकळं ०.४, एकूण १.८. पण मामा, वास तर नाकात जातोय, आणि आमचा डेकवरचा मुकादम, बोसन, म्हणतोय क्लोरीन खूप झालंय.”

मी लिहिलं, पूल बंद कर, थोडं पाणी बदल, पीएच बघ आणि डोसिंग चालू ठेव. बोसनला नळ्या दाखव.