गाडी मिळाली म्हणून कुत्रं पाठवू नका

"आज रात्री पुण्याला रिकामी गाडी चाललीये, कोणाचं पिल्लू पाठवायचंय का?" नागपुरात असा मेसेज पडला की तासाभरात तीन-चार पिल्लं तयार असतात. एक रुपया न घेता, रात्रभर जागून ही जनावरं दत्तक घेणाऱ्यांच्या नव्या घरी पोहोचवणाऱ्या ड्रायव्हर भाऊंचे उपकार मोठे आहेत. म्हणूनच सांगावंसं वाटतं, आधी कुत्रं तयार करा, मग गाडी शोधा.

तयार म्हणजे रस्त्यावरून उचलल्यापासून किमान १४ दिवस वेगळं ठेवलेलं. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस जातात. काल नालीतून काढलेलं पिल्लू आज उड्या मारतं, जालना येईपर्यंत उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते, अन् शेजारच्या क्रेटमधली (प्रवासाच्या पिंजऱ्यातली) पिल्लंही सापडतात. नंतर हौदा फिनाईलने धुतात. त्याने पार्व्हो मरत नाही, आणि फिनाईल मांजरांना तर विषच. घाण आधी घासून काढा, मग १ भाग ब्लीचला ३० भाग पाणी करून १० मिनिटं ओलं राहू द्या.

लसीकरणाचं पुस्तक आणि डॉक्टरांचा प्रवासाचा दाखला गाडीतच हवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत लांबच्या प्रवासासाठी स्पष्ट लिहिलंय: उन्हाळ्यात दर ४ तासांनी पाणी, हिवाळ्यात ६, मोठ्या कुत्र्याला १२ तासांतून एकदा खाणं, पिल्लांना दर ४ तासांनी. दिवस भरत आलेली कुत्री पाठवायचीच नाही. निघण्याच्या ४ तास आधी थोडं खायला द्यावं, मग निघेपर्यंत फक्त पाणी. गुंगीचं औषध मनाने देऊ नये. त्याने रक्तदाब उतरतो, शरीराला तापमान सांभाळता येत नाही, अन् डुलणारं जनावर क्रेटवर आपटतं.

साधारण १८-२० किलोच्या देशी कुत्र्याला ३६ इंची क्रेट लागतो. त्यात उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. खाली रबरी मॅट, वर बारदान. क्रेट मालावर चढवायचा नाही, हौद्याच्या तळाला बेल्टने दोन्हीकडून आवळायचा, दोन क्रेटमध्ये वीतभर जागा सोडायची.

सगळ्यात जास्त घात होतो तो थांब्यावर. देशी कुत्र्याची मान जवळपास डोक्याएवढीच जाड. ट्रकचा हॉर्न वाजला की ते मागे सरकतं, कान चपटे करतं, एक झटका देतं, आणि पट्टा तुमच्या हातात रिकामा राहतो. समृद्धीवर सुटलेलं कुत्रं परत मिळणं फार कठीण. म्हणून छातीचा हार्नेस आणि गळ्यात आवळणारा पट्टा, दोन्हींच्या दोऱ्या वेगळ्या. क्रेटच्या कडीला वरून आणखी एक हुक. पाणी बदलायचं तर वाटी जाळीतूनच भरा, दार उघडू नका. गळ्यातल्या बिल्ल्यावर दोन फोन नंबर हवेत, इथला आणि तिथला.

मे महिन्यात विदर्भात दिवसा गाडी काढूच नये. रात्री नऊनंतर निघा. ताडपत्री वरून हवी, बाजू उघड्या हव्यात. ताडपत्री पुढून-बाजूंनी आवळून मागचा फाळका तेवढा उघडा ठेवला, तर धावत्या गाडीचा धूर तिथूनच आत ओढला जातो. हे फार जणांना माहीत नाही, आणि ही चूक जीव घेते. जोराची धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या दिसल्या की गाडी थांबवा. साधं पाणी पोटावर, जांघेत ओता, वारा घाला आणि जवळचा डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी नको.

सोबतीला एक माणूस हवाच, तोही केबिनमध्ये, हौद्यात नव्हे. पहाटे तीनला पाणी पाजायचं, जनावर तपासायचं आणि स्टीअरिंगही सांभाळायचं, हे एकट्या ड्रायव्हरवर टाकणं अन्याय आहे. कुत्रं सुटलं तर शिव्याही त्यालाच खाव्या लागतात.

ताबा टोलनाक्यावर देऊ नका. दत्तक घेणाऱ्याच्या घरी, फाटक लावून, उजेडात द्या. ओळखपत्र पाहा, कागदांवर सही घ्या, पट्टा घरात गेल्यावरच सोडा. आणि क्रेट नागपूरला परत पाठवायचा खर्च दत्तक घेणाऱ्याने द्यावा, ड्रायव्हर भाऊंनी नाही.