लाड कुणाचे?

‘विरघळणारे मणी म्हणजे गोऱ्यांचे लाड. आपल्याकडे सिमेंटचे मणी वर्षानुवर्षं चालतायत.’ अपघातानंतर पुतण्याच्या नडगीच्या हाडात पू झाला, जंतू मारायला तिथे अँटिबायोटिक मिसळलेले सिमेंटचे मणी भरले, तेव्हा दादाने मला हे भारतातून फोनवर ऐकवलं. त्याला ते त्याच्या डॉक्टर मित्राने सांगितलेलं. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात जातंय.

अरे, सिमेंटचे मणी तरी कुणाचे? कृत्रिम सांधे बसवायच्या हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलं हॅम्बुर्गच्या बुखहोल्झने, १९७० च्या सुमारास. त्याचे मणी तारेत ओवले तेही जर्मनीतच, क्लेम नावाच्या सर्जनने. आणि विरघळणारं काही हाडात भरणं हे तर त्याहून जुनं. ड्रीसमनने १८९२ मध्ये हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या होत्या. मी आज इथे परदेशात ऑपरेशन थिएटरमध्ये कालवते ते कॅल्शियम सल्फेट म्हणजे त्याच प्लास्टरचं शुद्ध रूप. पावडरीत आधी व्हँकोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक, मग जेंटामायसिनचं द्रावण, भराभर घोटायचं, रबरी साच्याच्या खळग्यांत पात्याने दाबून बसवायचं. जेंटामायसिनमुळे घट्ट व्हायला वेळ लागतो, सर्जन हातमोजे वर धरून उभा असतो, आणि मी साचा वाकवला की पांढरे मणी टपटप ट्रेमध्ये पडतात. यात लाड कसले?

मुळात औषध हाडातच ठेवायचं कारण साधं आहे. मेलेल्या हाडाला रक्त पोचत नाही, म्हणून शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही पोचत नाही. वर जंतू बायोफिल्मच्या चिकट थराखाली दडलेले. आधी मेलेलं हाड खरवडून काढायचं, रक्त दिसेपर्यंत, आणि उरलेल्या पोकळीत औषध भरायचं. रक्तात तेवढं चढवलं तर मूत्रपिंडं जातील, इतकी मात्रा तिथल्या तिथे मिळते. सिमेंटही हे करतं, पण बरंचसं औषध त्याच्या पोटातच अडकून राहतं. जे सुटायचं ते मुख्यतः पहिल्या काही दिवसांत सुटतं, पुढे नुसतं झिरपणं. मग तोच मणी जंतूंना चिकटायला जागा होतो. म्हणून तो काही आठवड्यांनी काढावा लागतो, म्हणजे दुसरं ऑपरेशन.

इथे ते होतं. डिस्चार्जच्या वेळीच तारीख मिळते, आदल्या आठवड्यात टेक्स्ट येतो, कुणी नसेल तर ट्रान्सपोर्ट येतं. वहिनीला मी तारखेचं विचारलं तर म्हणाली, ‘पू थांबलाय, त्याची रजा संपलीय, आता परत कशाला कापाकापी?’ तिच्या हिशेबाने तिचं बरोबर आहे. पण मग दुसऱ्यांदा टेबलावर जावं न लागणारा मणी कुणाला जास्त हवा? आमच्या वॉर्डातल्या पेन्शनरला, की पगार बुडणाऱ्या त्या पोराला?

मी दादाला ऑक्सफर्डचा २०१६ चा अभ्यासही पाठवला. कॅल्शियम सल्फेटमध्ये हायड्रॉक्सिॲपेटाइट हे हाडातल्यासारखं खनिज आणि जेंटामायसिन घालून एकाच ऑपरेशनमध्ये उपचार केलेले १०० रुग्ण, त्यातल्या ९६ जणांचा संसर्ग त्या एका ऑपरेशनात गेला. निव्वळ कॅल्शियम सल्फेट हाड भरून येण्याआधीच विरघळतं, जखमेतून पांढरं पाणी गळतं आणि नातेवाईक पू समजून घाबरतात, हे मात्र मी लिहिलं नाही. भांडणात कोण लिहितं?

दादाच्या डॉक्टर मित्राचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘जंतू कोणते होते?’ प्रश्न रास्त होता. भारतातल्या इस्पितळांत जेंटामायसिनला न जुमानणारे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर काही दुर्मीळ नाहीत. प्रयोगशाळा ‘रेझिस्टंट’ म्हणते ते रक्तात गाठता येणाऱ्या मात्रेच्या हिशेबाने, हाडातली मात्रा त्याच्या कितीतरी पट असते, हे मी कळवलं. ते खरं आहे, पण प्रत्येक जंतूला पुरेल असं नाही. मग मी नमुन्यांवर घसरले. आमच्याकडे अँटिबायोटिक आधी थांबवतात, खोलवरचे पाच नमुने घेतात, प्रत्येकाला वेगळी हत्यारं. पुतण्याला औषध आधी सुरू केलं, पू नंतर तपासायला पाठवला. हे लिहिताना मला बरं वाटलं, जरा जास्तच.

हा डॉक्टर एका आठवड्यात जेवढ्या उघड्या नडग्या बघतो, तेवढ्या मी वर्षात बघत नसेन. आणि सिमेंटचे मणी मीही वळलेत, तिकडेच, भारतात, शिकाऊ असताना. सिस्टर ओरडायच्या, सिमेंट तापायच्या आत तारेवर बसव म्हणून. हाताने वळलेल्या मण्यांतून औषध कमी सुटतं हे इथे येऊन कळलं. परवा आमचा रजिस्ट्रार, म्हणजे ज्युनियर सर्जन, अशाच मण्यांच्या एका एक्स-रेला हसला, तेव्हा मी त्याला थिएटरमध्येच सुनावलं की त्या मण्यांनी वाचवलेले पाय मी पाहिलेत. तिकडे बोलताना मी इथली असते, इथे बोलताना तिकडची, आणि दोन्हीकडे मला न विचारता सगळं ठरलेलं असतं. पुतण्याच्या पायात मणी गेल्यावरच मला फोन आला होता. खरं सांगायचं तर ‘लाड’पेक्षा तेच जास्त लागलं.

पुवाचा रिपोर्ट परवा आला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जेंटामायसिनला संवेदनशील. म्हणजे विरघळणारे मणी चालले असते. दादाला मी हे कळवलेलं नाही. वहिनीला मात्र रोज विचारते, मणी काढायची तारीख घेतलीस का.