एजंटने कोणाच्या खात्यावर काम करावे, हे ठरवायचे कोणी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार.

एआय एजंट, म्हणजे बीजक बनवणे, नोंद करणे अशी साधने हाती देऊन कामाला लावलेले भाषा-मॉडेल. त्या साधनांनी कोणाच्या खात्यावर काम करायचे, हा संदर्भ त्यांना कसा द्यावा, या माझ्या लेखावर आपण वाशीहून परखड प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे, की खाते मॉडेलवर न सोडता कॉन्फिगरेशनमध्येच (प्रोग्रामच्या मांडणीतच) बांधून टाकण्याचा माझा आग्रह अवाजवी आहे, सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीला दिलेल्या लेखी सूचनांत) खाते-क्रमांक लिहिला की आजची मॉडेल्स तो नीट वापरतात, पन्नास-साठ अशिलांचे काम पाहणाऱ्या सीएच्या कार्यालयाला अशी बांधीव रचना परवडणार नाही, आणि चुकीची विनंती अडवणे हे शेवटी सर्व्हरचे काम आहे. शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत.

सर्व्हर अडवतो तो अधिकार नसलेल्याला. आपल्याच उदाहरणातील कार्यालयाला सर्व अशिलांच्या नोंदी बदलण्याचा अधिकार असतो, त्यामुळे एजंटने एका अशिलाचे बीजक दुसऱ्याच्या खात्यात चढवले, तरी सर्व्हरच्या दृष्टीने ती विनंती निर्दोषच असते. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये 'कन्फ्यूज्ड डेप्युटी' (गोंधळलेला प्रतिनिधी) या नावाने मांडलेली अडचण हीच आहे. त्यांच्या उदाहरणातील कंपायलरला, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, एका डिरेक्टरीत लिहिण्याची स्वतःची परवानगी होती. वापरकर्त्याने आउटपुटसाठी तिथल्याच बिलिंगच्या फाइलचे नाव दिले आणि कंपायलरने ती फाइल पुसून टाकली. अधिकार कंपायलरचा आणि नाव दुसऱ्याने पुरवलेले, असा तो प्रकार होता. एजंटच्या बाबतीत ते नाव मॉडेल पुरवते आणि मॉडेलला ते कोणत्याही मजकुरातून मिळू शकते, म्हणून धोका अधिक आहे.

प्रॉम्प्टमध्ये लिहिलेला क्रमांक पुरेसा का नाही, हे जीएसटीच्या बीजकावरून दिसते. जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटीचा नोंदणी क्रमांक, १५ अक्षरांचा असतो: पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची आणि शेवटचे तपासणीचे. वाशीच्या एपीएमसी बाजारातील एखाद्या व्यापाऱ्याची महाराष्ट्राबरोबर गुजरातमध्येही नोंदणी असेल, तर एक क्रमांक २७ ने आणि दुसरा २४ ने सुरू होतो, पण मधली दहा अक्षरे तीच राहतात. शिवाय नोंदणीकृत खरेदीदाराला दिलेल्या बीजकावर विक्रेत्याचा आणि खरेदीदाराचा, असे दोन्ही क्रमांक छापलेले असतात. प्रॉम्प्टमधला क्रमांक मॉडेलसमोर पडलेल्या अनेक वैध क्रमांकांपैकी एक होऊन बसतो. तपासणीचे अक्षर टंकनदोष पकडते. दुसऱ्याचा वैध क्रमांक त्याला पकडता येत नाही. त्यातच एखाद्या पीडीएफमध्ये 'यापुढील नोंदी अमुक खात्यावर करा' असे कोणी मुद्दाम लिहून ठेवले, तर ती सूचना कोणाची, हे ओळखण्याचा भरवशाचा मार्ग मॉडेलकडे आज तरी नाही.

स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीच्या एजंट टूलकिटमधील (एजंटसाठीच्या तयार साधनसंचातील) व्यवस्था मला म्हणूनच पटते. तिथे प्लॅटफॉर्मच्या एकाच गुप्त किल्लीने अनेक जोडलेल्या खात्यांच्या वतीने विनंत्या जाऊ शकतात आणि खाते कोणते, हे 'स्ट्राइप-अकाउंट' या हेडरवरून (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीवरून) ठरते. टूलकिट तयार करतानाच 'कॉन्टेक्स्ट' या सेटिंगमध्ये खाते दिले, की इन्व्हॉइस बनवताना ते कोणाच्या खात्यावर, असा प्रश्न मॉडेलपुढे येतच नाही. मात्र हे हेडर दिशा दाखवते, अधिकार आखडत नाही. किल्ली सगळ्याच खात्यांना चालते, म्हणून ती कोड चालवणाऱ्या साधनाच्या हाती पडता कामा नये. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत 'असूम रोल' करून ठरावीक रोलपुरते, म्हणजे आखून दिलेल्या अधिकारांपुरते, तात्पुरते क्रेडेन्शियल (ओळखपत्र) घेता येते आणि वेगळे न सांगितल्यास ते एका तासाचे असते. अशी सोय जिथे मिळेल तिथे ती घ्यावीच.

एमसीपी, म्हणजे मॉडेलला बाहेरची साधने जोडण्याचा प्रोटोकॉल, हे सारे सोडवील, असेही आपण सुचवले आहे. त्याच्या जून २०२५ च्या आवृत्तीने क्लायंटला (साधन वापरणाऱ्या प्रोग्रामला) टोकन, म्हणजे प्रवेशाचा डिजिटल परवाना, कोणत्या सर्व्हरसाठी हवे आहे हे सांगणे बंधनकारक केले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याने टोकन सर्व्हरला बांधले जाते, सर्व्हरमागच्या साठ खात्यांपैकी एकाला नव्हे.

आता खाते बदलण्याची गरज. ती खरी आहे. महिन्याच्या २० तारखेच्या, म्हणजे जीएसटीआर-३बी या मासिक विवरणपत्राच्या मुदतीच्या, आदल्या संध्याकाळी नौपाड्यातील कोणत्याही करसल्लागाराकडे डोकावले, तर एकेक अशील निवांत हाताळायला तिथे वेळ नसतो, हे ठाण्यात राहून मलाही दिसते. परंतु खाते माणसाने पडद्यावरच्या यादीतून निवडावे, ती यादी त्याच्या लॉगिनवरून सर्व्हरने काढावी, आणि निवड बदलताच संभाषण कोरे व्हावे. या तिसऱ्या अटीवरच आपला सर्वाधिक रोष आहे, पण तीच मला सोडवत नाही. खाते बदलले आणि संभाषण तेच राहिले, तर आधीच्या अशिलाच्या रकमा आणि पुरवठादारांची नावे मॉडेलसमोर तशीच असतात. पुढची विनंती बरोबर खात्यावर जाते आणि तिच्यातला आकडा मात्र दुसऱ्याचा असतो. ही चूक हेडरला दिसत नाही, सर्व्हरला दिसत नाही, आणि लॉगमध्येही (कामकाजाच्या नोंदीतही) सगळे यथास्थित दिसते. पुन्हा संदर्भ सांगण्यात वापरकर्त्याचे काही क्षण जातात, ते जाऊ द्यावेत. 'कोणाचे जीएसटीआर-३बी राहिले आहे?' असा सर्व अशिलांना लागू होणारा प्रश्न असेल, तर त्यासाठी केवळ स्थिती वाचणारे, काहीही न लिहिणारे वेगळे साधन द्यावे.

सर्व्हरवर संदर्भ ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सर्व विनंत्यांना सामाईक असलेल्या जागेत, ठेवू नये, हे आपल्याला ठाऊकच असेल. प्रत्येक विनंतीचा संदर्भ वेगळा ठेवण्यासाठीच पायथनमध्ये कॉन्टेक्स्टव्हार्स आणि नोडमध्ये एसिंक-लोकल-स्टोरेज आहेत. कॅशमध्ये (पुन्हा वापरण्यासाठी साठवलेल्या उत्तरांत) उत्तर ज्या नावाने शोधले जाते, त्या कीमध्ये खाते घालायला मात्र अनुभवी मंडळीही विसरतात.

एकाच दुकानाचे एकच खाते असलेल्या छोट्या साधनाला हे सगळे हवे का, असे आपण शेवटी विचारले आहे. नको. तिथे किल्लीच एका खात्याची असते, त्यामुळे प्रॉम्प्टमध्येही क्रमांक लिहिण्याचे कारण नाही. दुसरे दुकान जोडायची वेळ येईल, तेव्हा कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी वरची रचना करावी.