आत्मा पूर्ण खाली उतरतच नाही
तिसऱ्या शतकातला ग्रीक परंपरेतला तत्त्वज्ञ प्लॉटिनस याचं 'एक' (ज्यातून सगळं उगम पावतं ते मूळ तत्त्व) म्हणजेच शंकराचार्यांचं ब्रह्म, हे त्याच्यावरच्या एका लेखातलं विधान मला पटलं नाही. साम्य आहे, नाकारत नाही. भारतीय तत्त्वज्ञानाच्या ओढीनेच तो २४३ साली सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या पर्शिया मोहिमेबरोबर निघाला होता. पण मोहीम फसली, तो कसाबसा जीव वाचवून अँटिओकला पोचला आणि पुढे रोममध्ये राहिला.

खरा फरक जगाकडे बघण्यात आहे. प्लॉटिनसच्या मते 'एका'तून बुद्धी, बुद्धीतून आत्मा, आत्म्यातून हे दिसणारं जग. सूर्यातून उजेड पसरावा तसं, मूळ तसूभरही न घटता. जग खालच्या पायरीवरचं खरं, पण माया नव्हे. जगाला वाईट ठरवणाऱ्या ज्ञानवादी (ग्नॉस्टिक) पंथीयांवर तो किती संतापतो! त्याच्या लेखनाचे जे 'एनिअड' नावाचे भाग आहेत, त्यांतल्या दुसऱ्यातलं शेवटचं प्रकरण जरूर वाचा.

आणि लेखात जे आलंच नाही, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आपला आत्मा पूर्णपणे देहात उतरलेलाच नाही, त्याचा एक अंश कायम वर, बुद्धीच्या लोकातच असतो, असं प्लॉटिनस म्हणतो. आपण संसाराच्या गडबडीत असतो म्हणून त्याची जाणीव होत नाही, इतकंच. पुढे त्याच्याच परंपरेतल्या इयाम्ब्लिकस आणि प्रोक्लस या तत्त्वज्ञांनी हे साफ नाकारलं: आत्मा सगळाच उतरतो, म्हणून देवांची मदत, विधी हवेत. माझं मन मात्र प्लॉटिनसकडेच झुकतं.

अर्थात त्या वरच्या अंशाची जाणीव होऊन 'एका'शी एकरूप होणं सोपं आहे, असं तोही म्हणत नाही. शिष्य पॉर्फिरी सांगतो, आपल्या सहवासाच्या काळात गुरूंना ती एकरूपता चार वेळा लाभली. पॉर्फिरीला स्वतःला एकदाच, वयाच्या ६८व्या वर्षी.