आईबरोबर जेवला तर काय बिघडलं?

काल सोसायटीच्या हॉलमध्ये 'टॉम जोन्स' लावला होता. 1963 चा, टोनी रिचर्डसनचा, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळवणारा. कमिटीतल्या काकांनी मंजुरी दिली ती दोन मुद्द्यांवर. मूळ कादंबरी 1749 ची आणि लेखक हेन्री फील्डिंग लंडनचा मॅजिस्ट्रेट. "म्हणजे सात्त्विकच असणार!" तरी खबरदारी म्हणून लॅपटॉप त्यांच्या मांडीवर.

नायक टॉम आणि त्याची मैत्रीण मॉली झुडपात शिरले की काकांचं बोट बटणावर. खरं तर तिथे निवेदक स्वतःच सभ्यता आणि सेन्सॉरचं नाव घेऊन काढता पाय घेतो. गंमत तीच आहे. काकांनी नेमकी तीच पळवली. शिकारीचा प्रसंग मात्र त्यांनी अख्खा दाखवला. हेलिकॉप्टरमधून आणि हातातल्या कॅमेऱ्याने टिपलेली ती धावपळ, घोड्यांच्या कुशीत रुतणाऱ्या टाचा, रक्त, शेवटी मेलेलं हरीण. पहिल्या रांगेतली पोरं गप्प झाली आणि काका म्हणाले, "वा, काय हिरवळ आहे!" रक्त चालतं, झुडूप चालत नाही. ही कुठली सात्त्विकता, कोण जाणे.

रिचर्डसनने 1989 मध्ये स्वतःच चित्रपटाला कात्री लावली, 128 मिनिटांची 121 केली. पण चित्रपट त्याचा होता हो! काकांचा काय संबंध?

पुढे टॉम मिसेस वॉटर्स नावाच्या बाईला एका हल्लेखोराच्या तावडीतून सोडवतो. तिचे कपडे फाटलेले, म्हणून पठ्ठ्या आपली टोपी थेट कॅमेऱ्याच्या भिंगावर टाकतो. पडदा काळा. काका उठले, "वायर सैल झाली," म्हणत एचडीएमआयची केबल उपटली, फुंकली, परत खोचली. तोवर जोडी अप्टनच्या खाणावळीत पोचलेली.

आता आलं ते जेवण! टॉम झालेला अल्बर्ट फिनी आणि मिसेस वॉटर्स झालेली जॉइस रेडमन समोरासमोर. संवाद शून्य. सूप, मग शेवंडाच्या नांग्या चोखणं, कोंबडीची तंगडी, ऑयस्टर, शेवटी रसाळ नासपती. नजर एकमेकांवरून हलत नाही, ओठ चमकतायत, हनुवटीवरून रस ओघळतोय. अंगावरचं एक बटण न काढता इतका चावट प्रसंग दुसरा दाखवा. मागच्या रांगेतल्या काकूंनी पदर तोंडाला लावला. आणि काका? बटणावरचं बोट काढून निवांत रेलले. "जेवतायत बिचारे. भूक लागली असेल. बघा रे पोरांनो, ताटात काही टाकत नाहीयेत!"

मग बातमी फुटते की ही मिसेस वॉटर्स म्हणजेच जेनी जोन्स, टॉमची आई! (ती आई नसतेच, पण ते नंतर कळतं.) पडद्यावर हाहाकार. काकांनी चित्रपट थांबवला आणि आमच्याकडे वळून विचारलं, "आईबरोबर जेवला तर एवढं काय बिघडलं?"

कोणी उत्तर देईना. काकू म्हणाल्या, "अहो, पुढे चालू करा."