फिल्टर, फडकं आणि तळाचं पाणी: अण्णांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अण्णा, नमस्कार.

डिझेल फिल्टरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. अण्णा सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळकडचे. तीस वर्षं जीप आणि ट्रॅक्टर दोन्ही हाताखालून गेलेले. त्यांचं म्हणणं असं: दर दहा हजार किलोमीटरला फिल्टर बदला म्हणणं म्हणजे लोकांना खड्ड्यात घालणं. आम्ही फिल्टर डिझेलमध्ये धुऊन परत बसवायचो, फडक्यातून गाळून टाकी भरायचो, काही बिघडलं नाही. आता तर बीएस-6 चं, म्हणजे धुराच्या नव्या सरकारी नियमांचं, स्वच्छ डिझेल आलंय. नवा फिल्टर वरून डिझेलनं भरून बसवू नका हा निव्वळ हट्ट आहे. फिल्टरखाली पत्रा ठोकला की चिखल अडकतो. आणि शेवटी विचारलंय, "एवढं काढलेलं डिझेल ओतता कुठं?"

पत्र्याचं आधी बोलतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं होतं.

माझ्या फोर-बाय-फोरचा फिल्टर चेसीला आतल्या अंगानं खाली लटकतो. अक्कलकोट रोडवरच्या वेल्डिंगवाल्याकडून मी त्याखाली तीन मिलीमीटरचा पत्रा बसवून घेतला, तोही चहूबाजूंनी बंद. दगडापासून फिल्टर वाचला, ते खरं. पण पावसाळ्यात सीनेकाठच्या शेताच्या वाटेनं चार फेऱ्या झाल्या आणि आपली काळी माती आत अशी गच्च बसली की ड्रेन बोल्ट, म्हणजे फिल्टरच्या तळाचं पाणी काढायचा बोल्ट, दिसेना. खुरप्यानं उकरून काढावी लागली. वाळल्यावर ती विटेसारखी झालेली, आणि तिच्यात फिल्टरमधलं पाणी ओळखणाऱ्या सेन्सरची वायर चेपलेली. आता पत्र्याची मागची बाजू पूर्ण उघडी ठेवलीय आणि ड्रेन बोल्टखाली मूठ जाईल एवढं भोक पाडलंय. लेखात टाकलेला फोटो जुन्या पत्र्याचा होता. तो काढून टाकतो. ज्यांनी तसा पत्रा बसवला असेल त्यांनी कृपा करून भोक पाडून घ्यावं. आणि ज्यांचा फिल्टर बॉनेटखाली वर आहे त्यांना पत्र्याची गरजच नाही. त्यांनी फक्त वॉशिंगवाल्याला प्रेशरचं पाणी फिल्टरच्या सेन्सरवर मारू देऊ नये.

आता फिल्टर धुण्याचं. तुम्ही धूत होता आणि चालत होतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आमच्याही घरी ट्रॅक्टर होता. त्याला शेजारी शेजारी दोन फिल्टर असायचे, पहिला कापडाचा, दुसरा कागदाचा. कापडाचा धुवायचा, कागदाचा बदलायचा. जुनी माणसं धुवायची ती पहिल्या फिल्टरला, आणि ते बरोबरच होतं. आजच्या कॉमन रेल गाडीत (म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबानं डिझेल मिळतं अशा गाडीत) बहुधा सगळा भार एकाच कागदी फिल्टरवर असतो. कागद धुतला की वरचा गाळ निघाल्यासारखा दिसतो, पण बारीक कण आणखी आत शिरतात, आणि एखादी घडी फाटली तर ती डोळ्यांना दिसतही नाही.

तुमच्या जीपचं नोझल शे-दोनशे बार दाबावर उघडायचं. आताच्या कॉमन रेलमध्ये दाब 1600 बार आणि त्याच्याही वर जातो. इंजेक्टरच्या आत सरकणाऱ्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. फडक्यातून काडीकचरा गाळला जातो, हे कण नाहीत. दुसरी गोष्ट, या गाड्यांच्या हाय-प्रेशर पंपाला वंगण म्हणून वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. तिथं पाणी गेलं की धातूवर धातू घासतो. वर गंज चढतो तो वेगळाच.

बीएस-6 बद्दल. 1 एप्रिल 2020 पासून देशभर जे डिझेल आलं त्यातलं गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 वर आलं. 'स्वच्छ' म्हणतात ते धुराच्या दृष्टीनं. डिझेल रिफायनरीतून कितीही चांगलं निघो, पुढं टँकर, पंपाची जमिनीखालची टाकी, आपला कॅन आणि आपली टाकी एवढा प्रवास असतोच. पाणी शिरतं ते याच वाटेवर. उलट गंधक काढताना डिझेलचा मूळचा ओशटपणा कमी होतो, म्हणून त्यात वंगणाचं द्रव्य मुद्दाम घालावं लागतं. नवं डिझेल आलं म्हणून फिल्टरकडे कमी बघायचं, याला आधार नाही.

मला मूळ लेखात जे सांगायचं होतं ते किलोमीटरच्या आकड्याखाली दबून गेलं, म्हणून आता सरळ लिहितो. माझं लक्ष फिल्टरच्या कागदापेक्षा त्याच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यावर आहे.

मागच्या पावसाळ्यात मी एका पंपावर टाकी फुल केली. शेजारी टँकर खाली होत होता, ते मी पाहिलं होतं आणि तरी भरलं. टँकर ओतला जात असताना जमिनीखालच्या टाकीचा तळ ढवळतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. वळसंगच्या अलीकडे डॅशबोर्डवर फिल्टरचा पिवळा दिवा लागला. थोडं पुढं गेल्यावर गाडी हुकायला लागली. बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि पाण्याची रिकामी बाटली ड्रेन बोल्टखाली धरून बोल्ट दोन आटे सैल केला. बाटली निम्मी भरू दिली आणि बॉनेटवर उभी करून ठेवली. आधी सगळं गढूळ, ताकाच्या निवळीसारखं. दहा-बारा मिनिटांनी मधोमध एक रेघ उमटली. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी, आणि पाण्यात गंजाचे तांबूस कण. माझ्या पहिल्या बोटाच्या दोन पेरांएवढं पाणी होतं, अण्णा. फिल्टरमध्ये डिझेल ओढून घेणारा, हातानं दाबायचा प्रायमर कडक होईपर्यंत दाबला, गाडी चालू झाली, हळूहळू घरी आणली. पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये आणखी दोनदा पाणी काढलं आणि मग फिल्टर बदलला.

जुना फिल्टर मी करवतीच्या पात्यानं कापून बघितला. निऱ्या सोडवाव्यात तसा आतला कागद उलगडला. वरच्या घड्या नुसत्या काळपट होत्या. खालच्या दोन बोटं भागावर शेवाळासारखा चिकट थर होता. पाणी आणि डिझेल जिथं एकमेकांना टेकतात तिथं जंतू वाढतात, त्यांचा हा चिकटा. या फिल्टरचे फक्त साडेसहा हजार किलोमीटर झाले होते. मीटर बघत बसलो असतो तर तो आणखी साडेतीन हजार तसाच फिरला असता.

म्हणून दहा हजाराचा आकडा सगळ्यांसाठी नाही, हे मी लेखात लिहायला हवं होतं. तो माझ्या वापराचा आहे: निम्मं चालणं कच्च्या वाटेवर, कधी कधी कॅनमधलं डिझेल, आणि उन्हाळ्यात अंगणभर फुफाटा. मी एक फिल्टर जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास आणि दुसरा मृग लागायच्या आत बदलतो. पुणे-हैदराबाद हायवेवर चालणारा, गर्दीच्या पंपावर भरणारा माणूस गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळेल तर त्याचं चुकणार नाही. पाणी मात्र त्यानंही काढावं, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. त्याला पैसा लागत नाही. खर्चाचं म्हणाल, तर माझ्या गाडीच्या एका इंजेक्टरच्या पैशात दहा-बारा फिल्टर येतात, आणि इंजेक्टर चार आहेत.

वरून भरण्याबद्दल मी अजूनही ठाम आहे. बोल्टसारख्या फिरवून बसणाऱ्या फिल्टरला बहुतेक वेळा कडेनं बारीक भोकं असतात, तिथून डिझेल आत येतं. मधल्या मोठ्या भोकातून गाळलेलं डिझेल बाहेर पडून थेट पंपाकडे जातं. आपण कॅननं भरतो ते मधल्याच भोकात. म्हणजे ज्या डिझेलपासून पंप वाचवायला फिल्टर आणला, तेच न गाळता पंपाला पाजतो. जुन्या पंपानं ते पचवलं, हा पचवणार नाही. फिल्टर कोरडा बसवा, ओ-रिंगला डिझेलचं बोट लावा, आणि प्रायमर दाबून आत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर सेल्फ न मारता चावी पाच-सहा वेळा चालू-बंद करा, प्रत्येक वेळी थोडं थांबून. वेळ लागतो, मान्य. पण एअर काढण्यासाठी जीपसारखे नोझलचे नट सैल करून सेल्फ मारायची सवय कृपया सोडा. या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत घुसते, आणि वरून नुसता टाचणीएवढा डाग दिसतो. असं झालं तर दुखो न दुखो, त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

तुमच्या एका गोष्टीचं मला फार कौतुक वाटलं, ती म्हणजे रात्री टाकी भरून गाडी लावायची तुमची जुनी सवय. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतली ओल पत्र्यावर धरते आणि थेंब होऊन खाली उतरते. कॅनच्या बाबतीत एवढीच विनंती, जस्ताचा मुलामा असलेला डबा डिझेलला वापरू नका. जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊन बसतं. चांगला प्लास्टिकचा कॅन घ्या, सावलीत ठेवा, आणि ओतताना तळचं अर्धा-एक लिटर तसंच राहू द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. काढलेलं डिझेल मी मातीत किंवा नाल्यात ओतत नाही. गोठ्याच्या मागं झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवलाय. आठ दिवसांत पाणी तळाला बसतं आणि वरचं निवळ डिझेल अलगद काढून घेता येतं. गाडीत ते परत घालायचं नाही, गंजलेले नट-बोल्ट भिजवायला वापरायचं. तळाचं गदळ वेगळ्या कॅनमध्ये साठवतो, आणि जुनं ऑइल नेणारा माणूस आला की त्याच्याकडे देतो. त्या बंद पत्र्याचे चारही नट चिखलानं धरले होते. याच डिझेलात भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवलं, आणि सकाळी साध्या पान्यानं चारही सुटले.