२८ इंच, ३१ इंच आणि आई

मासेमारीत मासा गळाला लागणं अवघड असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मॅसॅच्युसेट्सला येऊन स्ट्राइप्ड बास धरून बघावा. इथे मासा लागतो हो, पण टेपला लागत नाही. तोंड मिटायचं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून जवळ आणायची आणि मोजायचं. २८ इंच किंवा वर, पण ३१च्या आत भरला तरच घरी. तोही माणशी दिवसाला एकच. बाकी सगळे परत पाण्यात.

२०२३च्या आधी ३५ इंचांपर्यंत चालायचं, मग कमी केलं. कारण एकदम बरोबर आहे, मोठे मासे बहुतेक माद्या असतात आणि मादी जेवढी मोठी तेवढी अंडी जास्त, आणि ८०च्या दशकात हा मासा एवढा संपत आला होता की मेरीलँडने १९८५ ते १९९० त्याची मासेमारीच बंद ठेवली होती. मला सगळं पटतं. फक्त पहाटे चारला, केप कॉड कॅनॉलच्या शेवाळलेल्या दगडांवर खिळ्यांचे बूट घालून, बाजूने पाणी नदीसारखं धावत असताना, हातातला चकचकीत, काळ्या पट्ट्यांचा मासा २७ आणि थोडा भरतो तेव्हा पटायला जरा वेळ लागतो. पुढचा ३३. शेजारचा म्हातारा (साठी उलटली म्हणून त्याला मासेमारीचं परमिट फुकट, तोंड मात्र माझ्यापेक्षा आंबट) न बघताच सांगतो, ‘शॉर्ट’. मग, ‘ओव्हर’. दिवसभरात त्याचे हे दोनच शब्द.

आणखी भानगडी आहेतच. आमिष लावलं तर गोल वळलेला सर्कल हुकच लागतो, म्हणजे मासा पोटात गळ घेत नाही, ओठाला अडकतो. पण त्यात आपण लहानपणापासून मारत आलेला झटका मारायचा नाही, मारला की मासा गेला. आकडी खुपसून वर ओढायचं पण बंद, त्यामुळे दगडांवरून खाली उतरून त्याच्या जबड्यात अंगठा घालून उचलायचा. दात टोचत नाहीत, पण खरखरीत पॉलिश पेपर असतो तोंडात, सीझनभर माझ्या अंगठ्याची सालं निघालेली आणि फोन अनलॉक होईना.

यात या वर्षी आई आली अलिबागहून. मी मासे सोडून देतो हे कळल्यावर दोन दिवस नीट बोलली नाही. “हाती आलेली लक्ष्मी पाण्यात टाकतोस? आणि वर आमिषाला काय तर बांगडा?” तो बांगडा नाही, त्याचा भाऊबंद मॅकरेल आहे, हे सांगून काही फायदा झाला नाही. मग तिने माझं टाइडचं अ‍ॅप बघितलं, बाजूला ठेवलं आणि बॅगेतून कालनिर्णय काढलं. “अष्टमीला कोण जातं? भांगाचं पाणी ते, मेलेलं. पुनवेला जा, उधाणाला.” कॅनॉलवरचे सगळे जुने लोक पण अमावस्या-पौर्णिमेच्या पहाटेसाठीच झुरत असतात, फक्त त्यांना त्यासाठी तीन वेबसाइट लागतात.

पुनवेला गेलो. साडेएकोणतीस इंच! म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वर केली, तिसरा शब्द उच्चारला, ‘नाइस’, आणि लगेच रेसिपी सांगितली, मुंडी-काटा टाक, साल काढ, कातडीखालची लालभडक पट्टी कापून फेक, मीठ, लिंबू, ग्रिल. मी तिथेच साफ करून दोन पांढऱ्याशुभ्र फिले पिशवीत घालून घरी.

आईने पिशवी उघडली. परत बघितली. “मुंडी कुठाय?”

नशीब, मुंडी आणि काटा दुसऱ्या पिशवीत बर्फात होता, मला आई माहितेय. मग तिने आत बोट घालून चाचपलं. “गाबोळी?” आता हे समजावणं आलं की या बायका बाळंतपणाला माहेरी जातात, मेरीलँडकडे चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत नाहीतर हडसन नदीत, आणि सगळं उरकून मगच उन्हाळ्यात इकडे येतात. आपला जिताडा बरोबर उलटा, अंडी घालायला खाडीतून समुद्राकडे जाणारा. आई म्हणाली, “म्हणजे गाबोळी खायची तर हिच्या माहेरी जायला हवं.” मी विषय बदलला, कारण मेरीलँड गाडीने जवळपास दिवसभराचं आहे आणि ती हे खरंच काढेल.

मुंडीचं कालवण केलं, चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण, आगरी मसाला. लाल पट्टी मात्र तिने स्वतःच काढली, वास घेऊन, तेवढ्यापुरतं म्हाताऱ्याशी एकमत. तुकड्या रव्यात घोळून तव्यावर टाकल्या आणि स्मोक अलार्म बोंबलला, तो मी टॉवेलने वारा घालत बंद करेपर्यंत दोन तुकड्या बायकोने उभ्यानेच संपवल्या. मांस घट्ट, गोडसर, काटे मोठे, पोरांना पण देता येतात. म्हाताऱ्याला डबा दिला. दुसऱ्या आठवड्यात रिकामा डबा परत आणि सोबत एक मोठ्ठी मुंडी.

आता आई पुढची अमावस्या बघत बसलीय. काल विचारत होती, “माणशी एक ना? मग माझं परमिट काढ.” आणि बुटांचा नंबर कागदावर लिहून फ्रिजला लावलाय.